घरामागचा डोंगर कापला असून माथ्यावर भेग पडली आहे: पावसाळ्यापूर्वी नेमके काय करावे?

प्रश्न: वाळवंटीकाठ (९ फेब्रुवारी)

नमस्कार. आमचे मूळ घर गोव्यात साखळीजवळ, वाळवंटी नदीच्या खोऱ्यात आहे. मी नोकरीनिमित्त पर्वरीला राहतो. घरी ७४ वर्षांची आई आणि तिच्या सोबतीला एक बाई असते. घर जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचे, मातीच्या जोडणीचे आणि मंगळुरी कौलांचे असून आजोबांनी बांधलेले आहे. समोर शेत, शेतापलीकडे नदी आणि मागे डोंगर, अशी त्याची जागा आहे. नदीचे पाणी आम्हांला नवे नाही. २३ जुलै २०२१ रोजी ते पडवी ओलांडून माजघरात शिरले होते, आणि त्या पाण्याची तांबूस रेघ आईने भिंतीवर मुद्दाम राखून ठेवली आहे. तिच्यावरून ती चुन्याचा हात फिरवू देत नाही. डोंगराची भीती मात्र या घरात आजवर कोणी बाळगली नव्हती.

गेल्या वर्षी मागची जमीन विकली गेली. नव्या मालकाने उन्हाळ्यात जेसीबी लावून उताराचा पायथा सरळ उभा कापला आणि पाऊस लागल्यावर काम तसेच सोडून दिले. ही उभी कड सुमारे ५ मीटर उंच आहे आणि आमच्या मागच्या भिंतीपासून जेमतेम सात पावलांवर आहे. दिवाळीला घरी गेलो तेव्हा वर चढून पाहिले, तर कडेपासून दोन-अडीच मीटर आत, कडेला समांतर अशी एक भेग पडलेली दिसली. ती बारा पावले लांब आहे. तिच्यात करंगळी सहज जाते आणि एका ठिकाणी कोयत्याचे अख्खे पाते आत गेले.

ठेकेदाराचे म्हणणे असे की, मागे १२ मीटर लांब आणि ३ मीटर उंच काँक्रीटची भिंत घालावी आणि समोर नदीच्या बाजूने दीड मीटर उंचीचे बंद कुंपण बांधावे, म्हणजे दोन्ही बाजूंनी घर सुरक्षित होईल. माझ्याकडे दोन्हींपैकी एकाच कामापुरते पैसे आहेत. डोंगर कापल्याबद्दल एका कार्यालयात अर्ज दिला होता. त्याची पोच मिळाली, त्यापलीकडे काहीही घडले नाही. आधी कोणते काम करावे, भिंत पुरेशी आहे का आणि विमा काढणे शहाणपणाचे ठरेल का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: निवृत्त स्थापत्य (१० फेब्रुवारी)

आपण दोन प्रश्न एकत्र विचारले आहेत, पण त्यांतला एक जिवाचा आहे आणि दुसरा सामानाचा. नदी चढताना दिसते आणि माणसाला निघायला थोडा तरी वेळ देते. पाच मीटरची कड रात्री दोन वाजता बसली तर सात पावलांवरच्या खोलीत झोपलेल्या माणसाला उठायलाही सवड मिळत नाही. पैसा एकाच कामाला पुरणार असेल तर तो मागच्या बाजूला खर्च करावा. आणि तो खर्च होईपर्यंत आईंची झोपण्याची खोली पुढच्या बाजूला हलवावी, ही गोष्ट आजच करावी, कारण तिला पैसे लागत नाहीत. कडेच्या उंचीइतक्या अंतराच्या आत कोणी झोपू नये, हा माझा जुना ठोकताळा आहे आणि आपली मागची भिंत त्या अंतराच्या काठावरच येते.

आता जमिनीबद्दल. आपल्याकडे वर दिसतो तो जांभा उन्हा-वाऱ्यात टणक होतो आणि कोरड्या दिवसांत उभा कापला तरी वर्षानुवर्षे टिकतो. चिरेखाणींच्या भिंती पाहून सर्वांचा समज होतो की डोंगर असाच कापता येतो. पण त्या टणक कवचाखाली पांढरट-गुलाबी, मऊ चिकणमातीचा थर असतो, ज्याला कर्नाटकाच्या किनाऱ्यावर शेडी माती म्हणतात. जांभ्याच्या भोकांतून आणि भेगांतून पाणी झिरपत या थरापर्यंत येते, तेथे अडते आणि थर भिजून साबणासारखा होतो. वरचे कवच मग स्वतःच्या वजनाने पुढे सरकते. २ ऑक्टोबर २००९ रोजी काणकोणात काही तासांच्या पावसाने डोंगर ठिकठिकाणी खचले, आणि १६ जुलै २०२४ रोजी कर्नाटकात अंकोल्याजवळ शिरूर येथे महामार्गासाठी कापलेला डोंगर रस्त्यावर आला. दोन्हीकडे पाऊस होताच, पण शिरूरला उताराचा पायाच काढून घेतलेला होता. आपल्या घरामागेही तेच झाले आहे. तेव्हा कडेचा खालचा भाग नखाने खरवडून पाहावा: चिरा लागतो की ओली चिकण माती लागते, यावर पुढचे बरेच काही अवलंबून आहे.

भेग जिवंत आहे की नाही हे आधी कळले पाहिजे. भेगेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी सळईचा एकेक तुकडा हातभर खोल ठोकावा आणि त्यांच्या डोक्यांमधले अंतर दर रविवारी मोजून वहीत तारखेसह लिहावे. अशा जोड्या तीन ठिकाणी कराव्यात. कोरड्या दिवसांतही अंतर वाढत असेल तर भिंतीचा विचार सोडून प्रथम भू-तांत्रिक अभियंत्याला, म्हणजे माती-खडकाची ताकद तपासणाऱ्या जाणकाराला, जागेवर आणावे. अंतर स्थिर असेल तर पावसाळ्यापूर्वीचे साडेतीन महिने आपल्या हातात आहेत. वरची झाडे घराच्या दिशेने झुकली आहेत का, कडेच्या पायथ्याशी फेब्रुवारीतही ओल आहे का, मागची दारे चौकटीत घासू लागली आहेत का, हेही पाहून ठेवावे.

ठेकेदाराने सांगितलेल्या भिंतीत पाणी बाहेर सोडण्याची सोय आहे का, हे आपण लिहिलेले नाही आणि बहुधा त्यानेही सांगितलेले नाही. ३ मीटर उंचीच्या भिंतीमागे पाणी काठोकाठ साचले तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे साडेचार टनांचा रेटा येतो. बारा मीटरला तो ५४ टन होतो, आणि यात मातीचा रेटा धरलेला नाही. पडलेल्या संरक्षक भिंती मी नोकरीत बऱ्याच पाहिल्या. त्यांतल्या बहुतेकींचे काँक्रीट उत्तम होते, भोके मात्र नव्हती. किंवा भोके होती आणि गिलाव्याच्या वेळी गवंड्याने ती भिंत स्वच्छ दिसावी म्हणून बुजवली होती.

म्हणून क्रम असा ठेवावा. सर्वांत आधी भेगेच्या वरच्या अंगाला, दोन-तीन मीटर सोडून, डोंगरावरून येणारे पाणी अडवून बाजूच्या व्हाळात (ओढ्यात) नेणारी पाणचर खणावी आणि ती सिमेंटने किंवा निदान जाड प्लास्टिकने अस्तरित करावी, कारण अस्तर नसलेली चर हीच नवी भेग ठरते. भेग चिकण मातीने ठासून बंद करावी आणि मे महिन्याअखेर तिच्यावर ताडपत्री घालावी. त्यानंतर भिंत. भिंतीत सुमारे १०० मिलिमीटर व्यासाच्या नळ्या, सव्वा ते दीड मीटर अंतराने, एकाआड एक, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन बसवाव्यात. भिंतीमागे फूटभर जाडीचा खडीचा थर असावा, त्याच्या आणि मातीच्या मध्ये भू-वस्त्र, म्हणजे पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे कापड, असावे, आणि तळाशी छिद्रे असलेला एक आडवा पाइप असावा. पैसे कमी पडत असतील तर तारेच्या जाळीत काळा दगड भरून केलेली गॅबियनची भिंत विचारात घ्यावी. तिच्यातून पाणी आपसूक निघते आणि जमीन थोडी हलली तरी ती तडकत नाही. त्या जाळीत चिरे मात्र भरू नयेत; ते झिजतात आणि जाळी ढिली पडते.

एक गोष्ट ठेकेदाराला लेखी सांगावी. पायासाठी कडेच्या तळाशी बारा मीटरची सलग चर एकाच वेळी खणू नये. आधीच पाय कापलेल्या उताराचा उरलासुरला आधारही त्या दिवशी निघून जातो, आणि अशा कामात मजूर गाडले गेल्याच्या घटना पावसाळ्याबाहेरही घडतात. तीन-तीन मीटरचे तुकडे, एक सोडून एक, खणावेत आणि पहिला भरल्यावरच पुढचा उघडावा. हे सारे एप्रिलअखेर संपले पाहिजे. संपणार नसेल तर सुरूच करू नये. त्या परिस्थितीत चर, ताडपत्री आणि खोली बदलणे एवढ्यावर पावसाळा काढावा.

उत्तर २: रानमेवा (१० फेब्रुवारी)

वरील सविस्तर उत्तराशी मी सहमत आहे, पण काँक्रीटवर एवढा खर्च करण्यापेक्षा निसर्गाचा उपाय आधी करून पाहावा असे मला वाटते. कडेच्या वरच्या भागात समतल, म्हणजे उताराला आडवे, एका पातळीतले चर खणून पाणी जिरवावे आणि त्यांच्या बांधावर काजू, आंबा, फणस लावावेत. मुळे माती धरून ठेवतात, विहिरीला पाणी वाढते आणि डोंगरही हिरवा राहतो. आमच्या सत्तरीतल्या बागायतीत आम्ही हेच केले आहे आणि तेथे माती वाहून जाणे पूर्ण थांबले आहे. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' हे आपण शाळेपासून शिकत आलो आहोत.

उत्तर ३: निवृत्त स्थापत्य (११ फेब्रुवारी)

रानमेवा यांचा हेतू चांगला आहे आणि त्यांच्या बागायतीत तो उपाय योग्यच असेल, कारण तेथील उताराचा पायथा कोणी कापलेला नाही. येथे मात्र तो करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. माती वाहून जाणे हा वरच्या वीतभर थराचा प्रश्न आहे आणि डोंगर खचणे हा आतल्या थराचा. समतल चर पाणी आत जिरवते. भेग पडलेल्या कडेच्या डोक्यावर पाणी जिरवणे म्हणजे त्या निसरड्या थराला आपल्या हाताने तेल घालणे होय. त्याच कारणाने वर शोषखड्डा नसावा, पाण्याची टाकी नसावी आणि जुनी चिरेखाण असेल तर ती पावसात भरू देऊ नये.

झाडांबद्दल एवढेच की, लहान रोपे या पावसाळ्यात काहीच धरून ठेवणार नाहीत, आणि कडेच्या अगदी काठावरचे मोठे झाड वाऱ्यात हलून भेग रुंद करते. काठावर वाळ्याचे गवत लावावे. त्याची मुळे सरळ खाली खोल जातात आणि त्याला वजन नाही. काठापासून दूर असलेली जुनी झाडे मात्र तोडू नयेत.

उत्तर ४: साळ-चांदेल (१३ फेब्रुवारी)

डोंगराविषयी मला काही कळत नाही, पाण्याविषयी थोडे कळते. ऑगस्ट २०१९ मध्ये तिळारीच्या खोऱ्यातून आलेल्या पाण्याने आमचे साळ गाव आणि शेजारचा भाग बुडाला, आणि २०२१ मध्ये पुन्हा तोच प्रकार झाला. त्या अनुभवावरून नदीच्या बाजूच्या बंद कुंपणाबद्दल लिहितो.

ते कुंपण बांधू नका. आमच्या वाड्यावर एकाने असेच चारी बाजूंनी बंद कुंपण बांधले होते. पाणी बाहेरून चढले तेव्हा ते दोन तास आत आले नाही, आणि त्या दोन तासांत घरातले सगळे आपण जिंकलो अशा समजुतीने आतच थांबले. मग एक बाजू एकदम कोसळली. हळूहळू गुडघ्यापर्यंत येणारे पाणी आले असते तर निदान गाद्या वाचल्या असत्या. येथे पाण्याबरोबर चिरेही घरात आले. उरलेल्या तीन बाजूंनी नंतर चिखल आणि पाणी आत धरून ठेवले ते वेगळेच. मातीच्या जोडणीच्या जुन्या भिंतींना पाणी लागण्यापेक्षा पाणी साचून राहणे अधिक घातक असते.

त्याऐवजी स्वस्त कामे आहेत. आपल्याकडे २०२१ ची रेघ आहे, ही मोठीच सोय आहे, आणि ती जपल्याबद्दल आईंना माझा नमस्कार सांगा. त्या रेघेच्या हातभर वर विजेचा मुख्य बोर्ड, इन्व्हर्टर आणि सगळे सॉकेट न्यावेत, आणि खालच्या भागासाठी वेगळा स्विच ठेवावा म्हणजे पाणी पडवीला लागताच तेवढाच भाग बंद करता येतो. पुराचे पाणी दारातून येण्यापूर्वी न्हाणीघराच्या मोरीतून आणि संडासातून उलटे येते, हे ज्याने पाहिले नाही त्याला पटत नाही; त्या नळांना पाणी एकाच दिशेने सोडणारा व्हॉल्व्ह बसवून घ्यावा. धान्य, औषधे आणि जमिनीची कागदपत्रे माळ्यावर ठेवावीत. एक-चौदाच्या उताऱ्याची, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीची, प्रत भिजल्यावर ती पुन्हा काढता येते, पण जुने पोर्तुगीज दस्त भिजले की गेलेच.

पूर ओसरल्यावर विहिरीचे पाणी लगेच वापरू नये. विहीर उपसून, आधी जास्त मात्रेने शुद्ध करून, पुन्हा उपसावी. नेहमीच्या शुद्धीकरणासाठी चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर १००० लिटरला सुमारे अडीच ग्रॅम लागते, पण पुरानंतर हे काम आरोग्य केंद्राच्या माणसाला दाखवून करावे.

आपल्या नदीला आणखी एक अडचण आहे. मांडवीत भरतीचा परिणाम समुद्रापासून आत सुमारे ५० किलोमीटरवर गांजेपर्यंत जाणवतो आणि वाळवंटी तिलाच मिळते. डोंगरात मुसळधार पाऊस आणि खाली भरती अशी गाठ पडली की पाण्याला उतरायला वाटच उरत नाही. म्हणून पावसाच्या इशाऱ्याबरोबर भरतीची वेळ पाहण्याची सवय लावावी. अंजुणे धरणातून पाणी सोडण्याचा इशारा आपल्या वाड्यावर कोणाच्या फोनवर येतो, हेही पावसाळ्यापूर्वी विचारून ठेवावे. आमच्याकडे तो इशारा ज्या पंचाच्या फोनवर यायचा, ते त्या दिवशी मुंबईला होते.

उत्तर ५: हप्ता-पावती (१४ फेब्रुवारी)

मी विमा क्षेत्रात काम करतो, म्हणून फक्त तेवढ्यापुरते लिहितो. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा (जनरल इन्शुरन्स) कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकाच मजकुराची घरविमा पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात आग, भूकंप, वादळ, पूर आणि दरड कोसळणे हे सारे धरलेले आहे. विम्याची रक्कम घर पुन्हा बांधण्याच्या खर्चावर ठरते, जागेच्या किमतीवर ठरत नाही, आणि घरातल्या सामानासाठी इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, पण १० लाखांच्या मर्यादेत, संरक्षण त्यातच मिळते.

पण दरडीच्या कलमाखाली काही अपवाद दिलेले आहेत आणि ते ग्राहक वाचत नाहीत. भराव टाकलेली जमीन खचणे, नदी किंवा समुद्राने काठ खाणे, सदोष बांधकाम, आणि बांधकाम, खोदकाम किंवा जमिनीवरची कामे यांमुळे झालेले नुकसान यांत येत नाही. आपल्या घरामागे नेमके खोदकाम झालेले आहे. पुराचा दावा मंजूर होण्यात मला अडचण दिसत नाही. दरडीच्या दाव्यात मात्र सर्वेक्षक पहिला प्रश्न त्या कापलेल्या कडेबद्दल विचारील. पॉलिसी अवश्य घ्यावी, परंतु प्रस्तावात कडेची माहिती लपवू नये, आणि मागच्या बाजूसाठी विमा हाच उपाय असे समजून भिंत पुढे ढकलू नये.

सरकारी मदतीवर हिशेब बांधू नये. केंद्रीय निकषांनुसार सपाट भागात पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला १ लाख २० हजार रुपये मिळतात. त्यात चिरे आणि कौले येतील की नाही, याचा विचार आपणच करावा. तरीही पंचनामा वेळेवर झाला पाहिजे, म्हणून घराचे आतून-बाहेरून फोटो आत्ताच काढून ठेवावेत, तारीख दिसेल असे.

उत्तर ६: चोडणचो बांध (१६ फेब्रुवारी)

वरची चर्चा वाचून एक गोष्ट राहून गेल्यासारखी वाटली. आपण आपल्या घराचा विचार करीत आहात आणि तो केलाच पाहिजे, पण पाणचरीतले पाणी ज्या व्हाळात सोडणार, तो व्हाळ पुढे कोणाच्या दारातून जातो? तो मध्येच बुजलेला असेल तर डोंगराचे पाणी आपण शेजाऱ्याच्या ओट्यावर नेऊन सोडाल.

आमच्या चोडण बेटावर खाजन शेती आहे. समुद्रसपाटीच्या आसपासची ही जमीन मातीच्या बांधांनी खाऱ्या पाण्यापासून राखलेली असते, आणि बांधात जेथे दार असते त्याला मानस म्हणतात. मानशीची लाकडी दारे भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. पूर्वी ही व्यवस्था गावकरी, म्हणजे कोमुनिदाद ही गावाची जुनी सामाईक संस्था, सांभाळीत असे आणि पुढे ती कुळांच्या संघाकडे आली. बांधाला पडलेले खेकड्याचे बीळ दिसले तर ते ज्याला दिसले त्याने बुजवायचे, मग शेत कोणाचेही असो, अशी जुनी रीत होती, कारण एका बिळाने वाहून जातो तो बांध सगळ्यांचा असतो.

१६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ गोव्याजवळून गेले त्या रात्री वीज नव्हती आणि आमच्या मानशीच्या दाराची खालची फळी कुजून निघालेली होती. ती बदलायची हे मार्चमध्येच ठरले होते. वर्गणीवरून वाद झाला आणि राहून गेले. भरती चढू लागली तशी त्या चार बोटांच्या फटीतून खारे पाणी शेतात फेसाळत शिरू लागले. पाच-सहा जणांनी कमरेइतक्या पाण्यात उभे राहून गोणपाटात चिखल भरून ती फट बुजवली आणि ओहोटी लागेपर्यंत पाठीने रेटून धरली. वर्गणी न देणारा गृहस्थही त्यांत होता, हे न्यायासाठी सांगतो.

तेव्हा व्हाळाचा गाळ काढण्याचे काम वाड्यावरच्या सगळ्यांनी मिळून, पंचायतीला लेखी कळवून, एप्रिलमध्ये करावे. आणि त्या तक्रारीबद्दल: डोंगराळ जमीन कापणे किंवा सखल जमीन भरणे यासाठी गोव्याच्या १९७४ च्या नगर नियोजन कायद्याच्या १७-अ कलमाखाली पूर्वपरवानगी लागते. एकट्याच्या अर्जाची पोच मिळते. सर्व्हे क्रमांक, फोटो आणि वाड्यावरच्या वीस सह्या असलेला अर्ज नगर नियोजन खाते, उपजिल्हाधिकारी आणि पंचायत अशा तिन्ही ठिकाणी एकाच दिवशी दिला, तर निदान पाहणीला माणूस येतो. अर्जात 'जीवितास धोका' हे शब्द आणि भेगेची मापे असावीत.

प्रश्नकर्त्याचे निवेदन: वाळवंटीकाठ (२२ मार्च)

सर्वांचे मनापासून आभार. आजवर झालेले लिहितो.

सळयांच्या तीन जोड्या १४ फेब्रुवारीला ठोकल्या. पाच रविवारच्या नोंदी झाल्या असून दोन जोड्यांत काहीही फरक नाही. मधल्या जोडीत ३ मिलिमीटर वाढ दिसली, पण ती एकाच आठवड्यात झाली आणि त्या आठवड्यात आमची गाय तेथे बांधलेली होती, त्यामुळे त्या वाढीवर कितपत विश्वास ठेवावा हे मला ठरवता येत नाही. कडेचा तळ खरवडून पाहिला. जमिनीपासून कमरेपर्यंत पांढरट-गुलाबी माती लागली आणि ती फेब्रुवारीतही हाताला ओलसर होती. त्यावरून भू-तांत्रिक अभियंत्यांना बोलावले. त्यांनी ३ मीटरच्या सलग भिंतीऐवजी दोन पायऱ्यांची गॅबियनची भिंत सुचवली असून काम १ एप्रिलपासून तुकड्या-तुकड्यांत सुरू होईल.

पाणचर मात्र अडली होती, कारण ती नव्या मालकाच्या जमिनीतून जाते. त्यांना प्रथम मी रागानेच फोन केला होता. पुढे वाड्यावरच्या सह्यांचा अर्ज गेल्यावर पाहणी झाली, आणि तेव्हा त्यांच्याच लक्षात आले की भेग त्यांच्या नियोजित घराच्या जागेतून जाते. आता चरीचा अर्धा खर्च ते करीत आहेत. नदीकडचे बंद कुंपण रद्द केले; विजेचा बोर्ड रेघेच्या वर गेला आहे.

आईने खोली बदलायला नकार दिला होता. मागच्या खोलीत तिचे देव आहेत. शेवटी देव पुढच्या खोलीत हलवले तेव्हा तीही आली. आता एकच शंका उरली आहे: जून-जुलैमध्ये तिला घरातून पूर्णपणे केव्हा हलवावे? प्रत्येक इशाऱ्याला हलवले तर ती चौथ्या वेळी येणार नाही.

उत्तर ७: निवृत्त स्थापत्य (२३ मार्च)

त्या ३ मिलिमीटरचा दोष गाईला देऊ नका. गाय दुसरीकडे बांधून आणखी चार रविवार मोजा आणि नोंदी आपल्या अभियंत्यांना दाखवा.

हलवण्याबद्दल: हवामान खाते २४ तासांत ११५.६ मिलिमीटरपासून पुढच्या पावसाला अतिमुसळधार म्हणते आणि २०४.४ च्या वर गेला की अत्यंत मुसळधार. पण आपल्या डोंगरावर किती पडला हे पणजीच्या आकड्यावरून कळणार नाही. अंगणात उघड्यावर, वर-खाली सारख्या रुंदीचा एक डबा ठेवा आणि आत पट्टीने खुणा करा. रोज सकाळी मोजून रिकामा करायला सोबतीच्या बाईंना शिकवा. पहिल्या वर्षी माझा नियम असा असेल की, सलग दोन दिवस डबा शंभर मिलिमीटरच्या वर गेला आणि तिसऱ्या दिवसाला नारंगी किंवा लाल इशारा असला, तर दुपारच्या उजेडातच घर सोडावे. गॅबियनच्या भिंतीतून स्वच्छ पाणी येत असेल तर ती चांगली खूण आहे. ते गढूळ झाले, किंवा मुसळधार पावसात एकदम थांबले, तर डब्याकडे न पाहता निघावे आणि ११२ वर कळवावे.

आई कोणाकडे जाणार आहेत ते आत्ताच ठरवा, आणि एप्रिलमध्ये एकदा त्यांना तेथे नुसते राहायला नेऊन आणा. गॅबियनच्या मागे भू-वस्त्र सलग हवे, ते गवंड्याकडून विसरले जाते.  काम चालू असताना एखादा शनिवार स्वतः उभे राहून ते पाहा.